खोल पाण्यात दाबाचा आकडा गायब झाला तर? वायरलेस डाइव्ह कॉम्प्युटर आणि त्याच्या बॅटरीची गोष्ट

समजा, तुम्ही समुद्रात १८ मीटर खोल आहात. मनगटावरच्या छोट्या स्क्रीनवर खोली दिसतेय, वेळ दिसतोय. त्याच्या शेजारी सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते सांगणारा आकडा मात्र गायब आहे. तिथे नुसत्या दोन आडव्या रेघा. मिनिटभरापूर्वी तिथे ११० होतं. आता हवा संपत आलीय, की फक्त सेल संपलाय?

उत्तर बहुतेक वेळा दुसरं असतं. पण १८ मीटरवर 'बहुतेक वेळा' या शब्दांवर कुणी विसंबू नये. म्हणून ही यंत्रं चालतात कशी, त्यांची बॅटरी नेमकी कशात खर्च होते आणि ती दगा कधी देतात, हे पाण्याबाहेर असतानाच समजून घेतलेलं बरं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पर्यटक म्हणून जे पहिलंवहिलं डायव्हिंग करतात, त्यांना या यंत्रांची चिंता करावी लागत नाही. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, खोली कमी असते आणि हवेवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम असतं. प्रश्न सुरू होतो पुढे. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत किंवा अंदमानात कोर्स करून तुम्ही प्रमाणपत्रधारक डायव्हर झालात, आणि दोन-चार ट्रिपनंतर स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली, की मग.

हे यंत्र नेमकं करतं काय?

डाइव्ह कॉम्प्युटर दिसतो घड्याळासारखा. त्यात दाब मोजणारा सेन्सर असतो. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो, त्यावरून खोली कळते. खोली आणि वेळ यांच्या आधारे तुमच्या शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचा हिशेब ते दर काही सेकंदांनी करत राहतं. 'या खोलीवर आणखी किती मिनिटं राहिलात तर थेट वर येता येईल' हा आकडा त्या हिशेबातून येतो. तो चुकला तर नायट्रोजनचे बुडबुडे रक्तात आणि सांध्यांत तयार होऊ शकतात. त्यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

हवेचा दाब ही वेगळी भानगड आहे. पूर्वापार पद्धत अशी: सिलिंडरवर बसवलेल्या रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यातून, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून, एक उच्च दाबाची नळी निघते आणि तिच्या टोकाला काटा असलेला गेज असतो. वायरलेस पद्धतीत नळीऐवजी त्याच भोकात अंगठ्याएवढा ट्रान्समीटर फिरवून बसवतात. तो दाब मोजतो आणि दर काही सेकंदांनी मनगटावरच्या कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, की तुम्ही आत्ता ज्या गतीने श्वास घेताय, त्या गतीने हवा किती मिनिटं पुरेल.

हा आकडा किती उपयोगाचा आहे ते बघा. ११ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला राहिली १,६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला २० मीटरवर तिप्पट, म्हणजे ६० लिटर लागते. १,६५० भागिले ६०, म्हणजे सुमारे २७ मिनिटं. तोच माणूस प्रवाहाविरुद्ध पोहायला लागला किंवा घाबरला, तर ती २७ मिनिटं बघता बघता १५ होतात. काट्याच्या गेजवर फक्त दाब दिसतो, हा हिशेब डोक्यात करावा लागतो. आणि खोल पाण्यात डोकं जमिनीवर चालतं तितकं चालत नाही, हे कुठलाही डायव्हर मान्य करेल.

ब्लूटूथ का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. फोन खिशात ठेवून कानात गाणी वाजतात, मग पाठीवरून मनगटापर्यंतच्या हातभर अंतराचं एवढं कौतुक कशाला?

कारण खारं पाणी वीज वाहून नेतं, आणि वीज वाहणारा पदार्थ रेडिओ लहरी गिळून टाकतो. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकं हे गिळणं जलद. ब्लूटूथ आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. समुद्राच्या पाण्यात ती लहर जेमतेम सेंटीमीटरभरात दम तोडते. म्हणून बरेच डाइव्ह ट्रान्समीटर खूप खालची वारंवारता वापरतात. त्यांतली एक प्रचलित वारंवारता आहे ३८ किलोहर्ट्झ. तिथेही समुद्रात साधारण सव्वा मीटरमागे लहरीची ताकद एक तृतीयांशाच्या आसपास येते. कंपन्या 'पल्ला एक ते दीड मीटर' असं लिहितात ते उगीच नाही. पाठीवरचा ट्रान्समीटर आणि मनगट यांत अंतर तेवढंच असतं. बेताचंच काम आहे सगळं.

जाता जाता सांगायला हवं, पाणबुड्यांशी बोलायला नौदलांनाही याच कारणाने अतिशय कमी वारंवारता वापरावी लागते. भारतीय नौदलाचं तमिळनाडूतलं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र त्यासाठीच आहे. तिथे प्रचंड अँटेना आणि प्रचंड वीज हाताशी असते. तुमच्या ट्रान्समीटरकडे असतो एक छोटा सेल.

गार्मिनने वेगळी वाट धरली. त्यांचा टी१ ट्रान्समीटर रेडिओ लहरींऐवजी ध्वनी वापरतो, म्हणजे एक प्रकारचं सोनार. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने आणि लांबवर जातो, त्यामुळे पल्ला १० मीटरपर्यंत मिळतो आणि प्रशिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांच्या सिलिंडरचा दाबही स्वतःच्या मनगटावर बघता येतो. पण ध्वनीचं दुखणं वेगळं. हवेचा अडसर त्याला चालत नाही, आणि डायव्हरच्या अंगावर हवा भरलेलं जॅकेट असतंच.

सेल कुठला, तो खर्च कसा होतो

आता मुख्य मुद्दा. इथे दोन वेगळ्या बॅटऱ्या आहेत हे लोक विसरतात: एक कॉम्प्युटरची, एक ट्रान्समीटरची. दोन्हींचं आयुष्य वेगळं, संपण्याची पद्धत वेगळी, आणि संपल्यावर होणारा परिणामही वेगळा.

कॉम्प्युटरचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला, बटण सेलवाला. सुरुवातीच्या डायव्हरांचे लाडके स्वस्त कॉम्प्युटर यात येतात. क्रेसी लिओनार्डोत सीआर २४३० लागतो, सुंटो झूपमध्ये सीआर २४५०. या आकड्यांत काही गूढ नाही: पहिले दोन आकडे म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन म्हणजे जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणजे २४५० हा २४ मिमी व्यासाचा आणि ५ मिमी जाड. २४३० दोन मिमी पातळ, म्हणून त्यात ऊर्जाही कमी. तो २४५० च्या जागी 'बसतोय ना, मग चालेल' म्हणून घालू नये. संपर्क सैल राहतो आणि यंत्र भलत्या वेळी बंद पडतं. यांचे स्क्रीन साधे, काळ्या-करड्या आकड्यांचे, त्यामुळे अधूनमधून डायव्हिंग करणाऱ्याला एक सेल सहज वर्ष-दीड वर्ष पुरतो. दिवा सारखा लावलात तर हा हिशेब कोसळतो.

दुसरा प्रकार पेन्सिल सेलवाला. शिअरवॉटर पर्डिक्स हे त्याचं ठळक उदाहरण. रंगीत, झगझगीत स्क्रीन. त्यामुळे वीज जास्त लागते आणि सेल तासांत मोजावा लागतो. पण जगातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा सेल त्यात चालतो, आणि माझ्या मते दूरच्या बेटावर जाणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय नाही. साध्या अल्कलाइनपेक्षा लिथियम पेन्सिल सेल बराच जास्त टिकतो. फक्त सेल कुठल्या प्रकारचा घातलाय ते कॉम्प्युटरला नीट सांगावं लागतं. अल्कलाइनचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हळूहळू उतरतं, त्यामुळे 'अर्धी उरली' हे दाखवता येतं. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं खाली येतं. सेलचा प्रकार चुकीचा निवडलेला असेल तर स्क्रीनवरची बॅटरीची खूण भरलेली दिसेल आणि पुढच्याच डाइव्हला इशारा येईल.

तिसरा, चार्ज होणारा. गार्मिनची घड्याळं, शिअरवॉटर टेरिक. टेरिक पाण्याखाली साधारण ३० तास चालतो. दिवसाला ५० मिनिटांच्या तीन डाइव्ह धरल्या तरी कागदावर बारा दिवस. मग अडचण काय? तीन-चार वर्षांनी ते ३० तास तेवढे राहत नाहीत, जसं तुमच्या फोनचं होतं. आणि बॅटरी घरी बदलता येत नाही, यंत्र सेवा केंद्राकडे पाठवावं लागतं. भारतात राहणाऱ्याने घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: या ब्रँडचं काम इथे कुणी करतं, की पार्सल परदेशात जाणार?

ट्रान्समीटरमध्ये बहुधा सीआर २ किंवा सीआर १२३ए हे तीन व्होल्टचे लिथियम सेल असतात. जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्यांत हेच सेल लागायचे, त्यामुळे शहरातल्या फोटोच्या जुन्या दुकानात ते अजूनही सापडतात. गावात नाही सापडत. गार्मिनच्या टी१ मध्ये पेन्सिल सेल असतो आणि तो सुमारे ७५ तास चालतो.

बंद दिसतो, पण बंद नसतो

ट्रान्समीटरला बटण नसतं. सिलिंडर उघडला, आत दाब चढला, की तो आपोआप सुरू होतो. दाब उतरला की काही मिनिटांत झोपतो. ऐकायला छान. पण यातच सेल संपण्याचं सगळ्यात हमखास कारण दडलेलं आहे.

सकाळच्या बोटीसाठी आदल्या संध्याकाळी सामान जोडून ठेवायची सवय अनेकांना असते. सिलिंडर उघडून गळती तपासायची, मग बंद करायचा. पण सिलिंडर बंद केला तरी नळ्यांमध्ये अडकलेला दाब तसाच राहतो. ट्रान्समीटरच्या दृष्टीने डाइव्ह चालूच आहे! तो रात्रभर इमानेइतबारे अंधाऱ्या खोलीला दाब कळवत राहतो. एका रात्रीत दहा-बारा डाइव्हची वीज गेली. उपाय साधा आहे: सिलिंडर बंद केल्यावर पर्जचं बटण दाबून नळ्यांतली हवा सोडून द्या. आकडा शून्यावर गेला पाहिजे.

दुसरं कारण आपल्याकडचं आहे. महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. जून ते सप्टेंबर यंत्र कपाटात, आत अल्कलाइन सेल तसाच. दमट हवेत चार महिने पडलेला संपत आलेला सेल गळतो, त्यातलं रसायन संपर्काच्या पट्ट्या खातं, आणि ऑक्टोबरात झाकण उघडल्यावर आत हिरवा-पांढरा थर. ज्या यंत्राचा सेल घरी काढता येतो, त्याचा तो काढून ठेवा. रिमोटमधला काढता ना, तसाच. चार्जिंगवाल्या यंत्राचं उलटं: ते पूर्ण रिकामं करून ठेवायचं नाही, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून महिन्या-दोन महिन्यांनी बघायचं.

आकडा जातो तेव्हा दरवेळी सेलच दोषी नसतो

कॅमेऱ्याचा मोठा फ्लॅश चमकला की क्षणभर संपर्क तुटू शकतो. पाण्याखालच्या स्कूटरची मोटर तर ३८ किलोहर्ट्झच्या आसपास चांगलाच गोंगाट करते. हात पुढे पूर्ण ताणून फोटो काढत असाल, तर मनगट पल्ल्याच्या काठावर जातं. ट्रान्समीटर उजव्या खांद्यामागे आणि कॉम्प्युटर डाव्या मनगटावर असेल, तर मध्ये येतं तुमचं शरीर, आणि तेही बव्हंशी खारं पाणीच. दोन्ही एकाच बाजूला आणले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हात जवळ घेऊन काही सेकंद थांबलात की आकडा परत येतो, कारण पुढचा संदेश लगेचच निघतो.

एक सिलिंडर, एक ट्रान्समीटर असेल तर गोंधळ नसतो. पण एकाच डायव्हरने दोन लावले आणि दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर कॉम्प्युटरला एकाचंही ऐकू येत नाही. म्हणून शिअरवॉटरने आपल्या जुन्या ट्रान्समीटरचे करडा आणि पिवळा असे रंग ठेवले होते. दोघांच्या संदेशांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे ते सारखे एकमेकांवर आदळत नाहीत. नंतरचा स्विफ्ट आधी कान देऊन ऐकतो, दुसरा बोलत नसेल तरच बोलतो. बोटीवर दहा जणांचे ट्रान्समीटर असले तरी प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो आणि तो कॉम्प्युटरमध्ये नोंदवलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याची हवा तुमच्या स्क्रीनवर येत नाही. पण भाड्याचं सामान घेतलंत तर हा क्रमांक जुळवलाय का, हे पाण्यात उतरण्याआधी बघा: सिलिंडर उघडा, आकडा आला का पाहा, बंद करून दोन श्वास घ्या, आकडा उतरला पाहिजे.

आणि एक अगदी गावठी कारण. सिलिंडरच्या वर छान हातात मावणारी दांडी बाहेर आलेली दिसते. बोटीवर मदत करणारा पोरगा घाईत तिलाच धरून वीस किलोचं सामान उचलतो. ती दांडी नसते, ट्रान्समीटर असतो. वाकला की धागे खराब, ओ-रिंगमधून बुडबुडे, डाइव्ह रद्द. त्याला आधीच दाखवून सांगा, 'दादा, इथे धरू नका'. काही जण म्हणूनच ट्रान्समीटर थेट न बसवता छोट्या नळीच्या टोकाला लावतात.

बिघाड थेट बनावटीतही असू शकतो. २०१८ साली सुंटोने आपले वायरलेस ट्रान्समीटर आणि टँक पॉड परत मागवले, कारण उच्च दाबाखाली त्यांचं कवच फुटून इजा होण्याचा धोका होता. त्याआधीचं यूवाटेक कंपनीचं प्रकरण जास्त विचार करायला लावतं. १९९० च्या दशकातला तिचा अलादीन एअर एक्स नायट्रॉक्स हा कॉम्प्युटर दोन डाइव्हच्या मधल्या वेळेत डायव्हर बोटीवरसुद्धा नायट्रॉक्सच श्वासात घेतोय असं धरून चालायचा. प्रत्यक्षात माणूस साधी हवा घेत असतो, त्यात नायट्रोजन जास्त. म्हणजे शरीरात उरलेला नायट्रोजन यंत्र कमी दाखवायचं आणि पुढच्या डाइव्हला जास्त वेळ द्यायचं. सेल भरलेला, स्क्रीन स्वच्छ, आकडे ठसठशीत, आणि हिशेब चुकीचा. अमेरिकेत हे यंत्र परत मागवलं गेलं ते थेट २००३ मध्ये.

मग काट्याचा गेज काढून टाकायचा का?

यावर डायव्हरांत दोन तट आहेत आणि दोघांच्याही बाजूत तथ्य आहे. गेज ठेवा म्हणणारे सांगतात, त्याला सेल लागत नाही. काढा म्हणणारे सांगतात, नळीही फुटते, काटाही अडकतो, गेजच्या सांध्यातली ओ-रिंग तर हमखास गळते. जितके जोड कमी तितकी गळती कमी. माझं मत पहिल्या बाजूचं आहे, निदान आपल्याकडच्या सुट्टीच्या डायव्हिंगसाठी. मुरुडेश्वरजवळ नेत्राणीला किंवा अंदमानात स्वराज द्वीपला तुम्ही पैसे आणि रजा खर्चून गेलेले असता. ट्रान्समीटरचा आकडा गेला आणि गेज नसेल, तर नियम एकच: डाइव्ह तिथेच संपवून वर यायचं. गेज असेल तर खाली बघायचं आणि पुढे जायचं.

अख्खा कॉम्प्युटरच बंद पडला तर गोष्ट गंभीर होते. सोबत्याला खूण करायची, मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेग होऊ न देता वर यायचं, ५ मीटरवर निदान तीन मिनिटं थांबायचं, हवा असेल तर जास्त. सोबत्याच्या कॉम्प्युटरवर 'आपलं दोघांचं सारखंच' म्हणून पुढची डाइव्ह करायची नाही. तो तुमच्यापेक्षा दोन मीटर वर असेल, सकाळची डाइव्ह त्याने केली नसेल. त्याचा नायट्रोजन तुमचा नाही. दुसरा कॉम्प्युटर आधीपासून हातावर नसेल, तर २४ तास पाण्याबाहेर राहून मगच नव्या यंत्रावर सुरुवात करावी असं शिकवलं जातं. काही जुन्या यंत्रांत मधेच सेल बदलला तर आधीच्या डाइव्हची नोंद पुसली जाते आणि ते तुम्हाला 'ताजातवाना माणूस' समजू लागतं, हेही इथेच लक्षात ठेवायचं.

सेल बदलणं घरी, पंख्याखाली, कोरड्या हातांनी करायचं काम आहे. हलत्या बोटीवर ओल्या हातांनी नाही. ओ-रिंग काढा, उजेडात फिरवून बघा, केस किंवा वाळूचा एक कण जरी असला तरी पाणी आत शिरायला तेवढा पुरतो. निर्मात्याने सांगितलेलं ग्रीस नखावर मावेल इतकंच लावा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे देण्याचा मोह टाळा. तो झाकण चिमट्याने उचकटेल, ओ-रिंग जुनीच बसवेल, आणि त्याच्या दुकानात ३० मीटरच्या दाबाची चाचणी घ्यायची सोय नसते.

विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. त्यांची टोकं चिकटपट्टीने झाका किंवा मूळ वेष्टनातच ठेवा. परतीच्या वेळी मात्र कॉम्प्युटर बॅगेत टाकू नका, मनगटावरच असू द्या. एकाच डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, आणि त्यातले किती उरलेत ते तोच दाखवत असतो.